आत्याच्या जीपमधला खांब

दातिवऱ्याला मी गेलो तो एका खांबासाठी. लोक तिकडे किनारा बघायला जातात, नाहीतर नातेवाइकांच्या हळदीला, नाहीतर ताजं मावरं, म्हणजे मासळी, स्वस्तात पदरात पडतंय का ते बघायला. मी गेलो आत्याच्या जुन्या अंगणात, जिथे तिची जीप उभी असायची. त्या जीपच्या मध्यभागी, पुढच्या सीटच्या मागे, एक खांब होता. माझ्या तेव्हाच्या छातीएवढा उंच. तो नेमका कसा होता, गोल होता की पैलूदार, सरळ होता की वर निमुळता, खाली त्याला आधाराच्या पट्ट्या होत्या की नव्हत्या, हे मला कळायला हवं होतं. जीप भंगारात जाऊन जमाना झाला. तरी गेलो. तुझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. आता आई नाही, भिंगरी आहे.

अंगणात कुणाचं तरी निळं जाळं पसरलेलं होतं आणि त्यावर एक कुत्रा झोपला होता. वाळत्या बोंबलांचा वास मात्र जागच्या जागी होता, तसाच, नाकात खारट चिकटणारा. मी उगाचच जमिनीकडे बघत फिरलो. इंजिनाचं तेल गळून जिथे माती काळी पडायची ती जागा दिसते का, म्हणून चपलेने रेती बाजूला केली. शेजारच्या घरातून एक बाई सुपात करंदी, म्हणजे सुकी बारीक कोलंबी, पाखडत ओट्यावर आली.

"कोन पायजे?"

मी कुणाचा कोण ते सांगितलं.

"आगो बाय! जीपवालीचा भाचा तू? हाय ना ती अजून?"

"आहे. बोईसरला, मंगलकडे असते."

"मंग इतं काय शोदतो?"

"जीपमधला खांब," मी म्हणालो.

सूप हलायचं थांबलं. "गाडी गेली भंगारात आनि तू खांब शोदतो?" ती इतकी हसली की कुत्रा उठून गेला. "बस, च्या ठेवते." मी म्हणालो, घाई आहे. घाई कसलीच नव्हती. पण एका जागी बसून चहा पिणं मला त्या दिवसांत जमतच नव्हतं.

याचं कारण सांगायला हवं. लष्करी गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवायचा मला नाद आहे. रणगाडे नाहीत, तोफा नाहीत. जीप, निरोप्याच्या मोटरसायकली, लहान ट्रेलर अशा हलक्या गाड्या. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाची जीप तळहातावर मावते. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिमट्याने धरून चिकटवायचे. पण गाडी उभी करणं हे त्यातलं सोपं काम. खरी गंमत आणि खरा जाच असतो गाडीवरच्या सामानाचा. फावडं कुठल्या बाजूला बांधायचं, त्याचा पट्टा कातड्याचा की कापडी, पाण्याचा डबा कशात अडकवायचा, दोरखंड कसा गुंडाळायचा. त्यासाठी जुने फोटो धुंडाळायचे, इंटरनेटवरच्या परदेशी मंडळींना प्रश्न विचारायचे. तिथे एका बकलावरून माणसं आठवडाभर एकमेकांची डोकी खातात. मी कारखान्यात मशिनरीची ड्रॉइंग काढण्यात जन्म घालवला, त्यामुळे असल्या भांडणात मला घरच्यासारखं वाटतं. बायको म्हणते, भाजी आणतानाही इतकीच चौकशी करत जा.

दातिवऱ्याला जायच्या काही महिने आधी आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला पालघरला आणलं होतं. तिची मुलगी मंगल तिला घेऊन आत गेली होती, मी बाहेर रिक्षा धरून ठेवली होती. साखरेने डोळे आतून खाल्लेत हे आम्हांला ठाऊक होतंच. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "थोडा दिसतो हाय. त्यो बी जानार म्हनतो डाक्टर." मंगलने तिचा हात धरून तिला रिक्षात बसवलं. रिक्षा बोईसरच्या रस्त्याला लागली. कोळगावच्या नव्या सरकारी इमारती मागे पडल्यावर आत्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू त्या बारक्या गाड्या करतो ना रे?"

"करतो की."

"मंग माजी गाडी कर. डोले पुरते जायच्या आदी एकदा बगायची हाय मना."

झालं. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. त्या जीपचा एकच फोटो सापडला, मंगलच्या लग्नातला. त्यात वऱ्हाडातल्या बायकांच्या खांद्यांमागे मडगार्डाचा एक कोपरा दिसतो आणि कुणाच्या तरी अबोलीच्या गजऱ्यामागे अर्धा दिवा. खांब नाही. बाकी सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि आत्याचे डोळे किती दिवस माझ्यासाठी थांबणार ते कुणालाच माहीत नव्हतं.

ती डिस्पोजलची जीप होती. लष्कराने वापरून काढून टाकलेल्या गाड्यांना तेव्हा सगळे असंच म्हणत. ती दातिवऱ्याला कशी आली, कुणी आणली, आत्याला चालवायला कुणी शिकवलं, हे मी कधी विचारलं नाही. मला कळायला लागलं तेव्हा ती होतीच, अंगणात विहीर असते तशी. आणि आत्या ती चालवायची. गुडघ्याशी घट्ट आवळलेलं लुगडं, कानात जड सोनं, दाताला मशेरी. मागे पाट्या भरून मांदेली, बोंबील, करंदी, वरून ओलं तरट आणि बर्फाचा चुरा. तरटातून गळणारं पाणी गाडीच्या मागे रस्त्यावर बारीक रेघ काढत जायचं. उशीर झाला आणि शाळेत चालत जाताना ती रेघ दिसली की आत्या पुढे गेली हे आम्हांला कळायचं.

जीपचं स्टिअरिंग डावीकडे होतं. सगळ्या तालुक्याच्या गाड्या उजवीकडून हाकल्या जायच्या आणि आत्याची डावीकडून. रस्त्याच्या कडेला गाडी लावली की ती थेट गिऱ्हाइकाच्या शेजारी. एडवण, केळवे, माहीम, कुठेही खाली उतरायची नाही. बायका थाळे घेऊन जवळ यायच्या, आत्या बसल्या जागेवरून मागे हात घालून पाटीतलं मावरं काढायची आणि इंजिन चालू ठेवून भाव करायची. बोलणं लांबलं की पाय थोडा दाबायची. गाडी गुरगुरायची. "घेतंस तर घे बाय, गाडी चालली बग." त्या गुरगुरण्याला भल्याभल्या बायका भुलायच्या. मी कॉलेजात जाईपर्यंत समजत होतो की मासळीवाल्यांसाठी मुद्दाम डाव्या स्टिअरिंगची गाडी मिळते.

पेट्रोलची टाकी तिच्या सीटखाली होती. पेट्रोल भरायचं तर आत्याला उठावं लागायचं. पंपावर ती लुगडं सावरत उतरायची, सीट उचलून धरायची आणि पंपवाल्याकडे असं बघायची की त्याची नळी सांडायची नाही. तो वास मला अजून येतो. पेट्रोल, बर्फ, तरट आणि मांदेलीचा वास, वर आत्याच्या मशेरीचा. आमच्या शर्टांनाही तोच. वर्गात माझ्या शेजारी बसायला कुणी राजी नसायचं आणि मला त्याचं काहीच वाटायचं नाही, कारण जीपमधून शाळेत येणारा दुसरा कुणी नव्हता.

समोरच्या काचेखाली एक खाचेची पट्टी होती, तीत आत्याची काळी छत्री आडवी राहायची. बाजूला कातडी पट्टे होते, त्यांत पाट्या वाहायचा बांबू. मागे डब्यासाठी चौकट होती, तीत खड्या मिठाची पिशवी. पुढे बंपरवर एक उभा लोखंडी अँगल होता, वर जरा वाकडा, त्यावर लिंबू-मिरची. दिव्यांना तर पंखाचा स्क्रू होता. तो सोडला की आख्खा दिवा मागे वळायचा आणि उघड्या बॉनेटखाली इंजिनात उजेड पाडायचा. आम्ही पोरं वाट बघायचो की कधी एकदा गाडी बंद पडते.

त्या खाचेत रायफल ठेवायचे हे मला पन्नाशीत कळलं. पट्ट्यांत फावडं आणि कुऱ्हाड असायची, चौकटीत पेट्रोलचा डबा. पुढचा वाकडा अँगल रस्त्यात शत्रूने ताणलेली तार तोडायला होता, नाहीतर काच पाडलेल्या गाडीतल्या शिपायाचा गळाच कापला जायचा. हे वाचलं त्या दिवशी मी प्लास्टिकचा तो इवलासा अँगल चिमट्यात धरून बसलो आणि मला त्यावर लिंबू दिसत राहिलं.

मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या, की जीपही शाकारायची. होड्यांच्या रांगेत तीही एक. झापांखाली काळोख, बाहेर पाऊस, आणि आत आम्ही. खांबाला पाठ लावून चौघे चार दिशांना तोंडं करून बसायचो. जीपच्या पोटाला आत्या मुशीचं, म्हणजे शार्कचं, तेल फासायची, होड्यांना फासतात तेच, गंज धरू नये म्हणून. त्या तेलाचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही आणि ज्याने घेतला त्याला विसरता येणार नाही. मंगल आमच्यात सगळ्यात लहान होती. ती त्या वासात झोपून जायची आणि तिला उचलून घरी नेताना तिच्या फ्रॉकलाही तो वास यायचा.

मग नारळी पुनव. होड्या रंगवून उरलेला निळा रंग जीपला. खाली लष्कराचा हिरवा, त्यावर दर वर्षी निळ्याचा एक थर. खांबालाही तोच. थरांवर थर चढून तो खांब इतका जाड आणि गुळगुळीत झाला होता की आत काय आहे ते कळायची सोय नव्हती. रंगाचे ओघळ तसेच वाळायचे, आम्ही ते नखांनी उचकटायचो. पुनवेच्या दिवशी खांबाला नवा बावटा बांधायचे. माझी आई त्याला हळदीकुंकू लावायची. आत्या तेव्हा बाजूला, समुद्राकडे तोंड करून उभी असायची. मग नारळ, मग सगळ्या होड्या पाण्यात, आणि शेवटी आत्या जीप रेतीवरून खाली नेऊन पुढची चाकं लाटेत भिजवायची आणि मागे घ्यायची. हसायचं कुणी नाही. बाहेरगावचा एखादा पाहुणा हसला तर म्हाताऱ्या त्याच्याकडे बघायच्या, तेवढ्यात तो गप्प.

गाडी सुरू करायच्या आधी आत्या एक हात मागे नेऊन खांबावर थाप मारायची. दर वेळी. मला वाटायचं, पाट्या नीट बांधल्यात का बघते.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, मी पाहिले नाहीत. मंगल पोटात होती तेव्हा ते समुद्रावर गेले आणि परत आले नाहीत, एवढंच मला माहीत. मी तेव्हा रांगत होतो. घरात त्यांचं नाव निघत नसे. निघालंच तर कुणीतरी पाणी आणायला उठायचं आणि परत येईतो विषय बदललेला असायचा.

तर खांब. मी इंटरनेटवर प्रश्न टाकला. पोलंडमधले एक निवृत्त शिक्षक आहेत, जीपच्या सामानातले जाणकार. त्यांचं उत्तर आलं की पुढच्या सीटमागे मध्यभागी उभा खांब म्हणजे मशीनगनचाच आधार, दुसरं काही असूच शकत नाही. सोबत नकाशे. या आधाराचे प्रकार बरेच. एकाला तीन तिरक्या पट्ट्या, एकाचा पाया शंकूसारखा, एक नुसता सरळ नळा. तुमच्या आत्याचा कुठला, असं त्यांनी मोठ्या आस्थेने विचारलं होतं.

मी त्या नकाशांकडे बघत बसलो. केळव्याच्या वळणावर मी ज्याला मिठी मारून ओकलो होतो, ज्याला पाठ लावून आम्ही पावसाचा आवाज ऐकला, तो मशीनगनचा खांब? त्यावर बंदूक फिरत असेल, कुणीतरी तिथेच उभं राहून कुणावर तरी गोळ्या झाडल्या असतील. मला घरात बसवेना. स्कूटर काढून सातपाटीपर्यंत गेलो, तिथून उगाच शिरगावला, आणि काहीही न घेता परत आलो. माझं बालपण कुणीतरी उघडून आतून भलतंच काही दाखवलं, असं वाटत राहिलं. आणि तरीही, खोटं कशाला बोला, कुठला प्रकार ते शोधून काढायची खुमखुमीही तेवढीच होती.

आत्याच सांगेल म्हणून मोबाइलमध्ये नकाशे, फोटो घेऊन मी रविवारी बोईसरला जायला लागलो. मंगलचं घर तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी वारा कारखान्यांकडून आला की खिडक्या लावाव्या लागतात. खाली स्कूटर लावताना कुणीतरी हटकून म्हणणार, "चाचा, थोडा साइड में लगाओ ना." मी जिना चढायचो, आत्याच्या पलंगाशी उभा राहायचो आणि मोबाइल पुढे करायचो.

"आत्या, हा बघ. असा होता खांब?"

ती मोबाइल हातात घेऊन नाकाशी न्यायची, मान तिरकी करायची. "हां. ह्योच. आरे, ह्याला धरून तू वकला होता केलव्याच्या वलनावर! माजी सगली मांदेली फुकट. मंग त्या माहीमच्या बायला मी काय सांगलां..."

"ते राहू दे. पट्ट्या अशाच होत्या ना खाली?"

"आशाच. तर त्या बायला..."

"बरं, येतो मी. अंधार पडायच्या आत पोचायचंय."

"दादा, चहा ठेवलाय," मंगल आतून ओरडायची, तोवर मी अर्धा जिना उतरलेला असायचो. पट्ट्या कळल्या होत्या ना, घरी जाऊन पितळेची नळी कापायची होती.

पुढच्या खेपेला मी खात्री म्हणून शंकूच्या पायाचा फोटो दाखवला. आत्या म्हणाली, "ह्योच तो." त्यापुढच्या खेपेला सरळ नळा. "ह्योच. दुसरा कंचा आसनार?"

मी चिडलो. "अगं, मागच्या वेळी दुसऱ्यालाच हो म्हणालीस!"

"मंग तोच आसल."

"तोच म्हणजे कुठला?"

"तू शिकलेला, तू ठरव," असं म्हणून ती खिडकीकडे वळली. "पुडच्या रइवारी आनिक फोटो घेऊन ये. तवा नीट बगते."

मंगल दारात उभी होती. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "पोलंडला विचारतोस, आणि ही सांगते ते बसून ऐकत नाहीस." मला तिचा राग आला. माझ्या डोक्यात फक्त दिवसांचा हिशेब चालला होता. दर रविवारी आत्याचे डोळे थोडे थोडे कमी होणार आणि माझा खांबच ठरत नव्हता. म्हणून मग दातिवऱ्याला गेलो, रेती उकरली, आणि हात हलवत परत आलो.

शेवटी मी ठरवून टाकलं. तीन पट्ट्यांचा आधार. पितळेची नळी कापली, पट्ट्या डाग देऊन जोडल्या. गाडीला आधी हिरवा रंग दिला, त्यावर निळा. कडांना पॉलिश पेपर हलकेच फिरवून खालचा हिरवा दिसू दिला. खाचेत इवलीशी छत्री केली, काळ्या कागदाची. धाग्याचं तरट, साबुदाण्याच्या चुऱ्याचा बर्फ. पोलंडला फोटो पाठवला. खांब अचूक आहे, असं उत्तर आलं, फक्त निळा रंग कुठल्या तुकडीचा, ते विचारलं होतं. मी ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं.

रविवारी दुपारी जीप कापसात गुंडाळून डब्यात ठेवली आणि बोईसरला पोचलो. मंगल स्वयंपाकघरात कोलंबी सोलत होती. आत्या पलंगावर पाय खाली सोडून बसली होती. मी डबा उघडून जीप अलगद तिच्या ओंजळीत ठेवली.

"आली!" ती म्हणाली. ओंजळ वर नेऊन डोळ्यांसमोर धरली. "काय झ्याक केली रे पोरा. निली निली. दातिवऱ्यासना आत्ता सुटली वाटते."

मला इतका आनंद झाला की मी पलंगाभोवती येरझारा घालायला लागलो. वेळेत झाली होती. डोळे होते तोवर झाली होती. आत्या बोटांनी गाडी चाचपत होती. "ह्या बग पुडचं दिवं," ती म्हणाली. तिचं बोट मागच्या जादा चाकावर होतं. मग तिने गाडी समोर धरली आणि हसत म्हणाली, "मंगल, बग ना गो!" समोर रिकामी खुर्ची होती. मंगल तिच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मी मंगलकडे बघितलं. तिने मान हलवली, बोलू नको म्हणून. मी आत गेलो.

"कधीपासून?"

"तुला गाडी कर म्हणाली ना, त्याच्या आधीपासून," मंगल नळ सोडून हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, काही राहिलं नाही. उजेड अंधार तेवढा कळतो. मला शपथ घातली, त्याला सांगू नको."

"मग ते फोटो? हो हो म्हणत होती ती!"

"दिसत नाही म्हणाली असती तर आला असतास तू फोटो दाखवायला?"

ओट्यावर कोलंबीची सालं पडली होती, ती मी उगाचच गोळा करायला लागलो. मंगलने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि मला बाहेर ढकललं.

आत्याचं बोट आता खांबावर थांबलं होतं. दोन बोटांच्या चिमटीत ती तो वरून खाली, खालून वर चाचपत होती.

"ह्यो काय रे?"

"खांब, आत्या. मधला."

"थंडगार लागतो."

"पितळेचा केलाय. मशीनगनचा आधार असतो तो, लष्कराचा. त्यावर बंदूक..."

"कसली बंदूक?" ती हसली, मग हसायची थांबली. "लाकूड होता रे तो. तुज्या आतोबाच्या होडीची डोलकाठी. बाकी कायच आला नाय. काठी तेवडी लागली किनाऱ्याला." तिची बोटं तशीच वरखाली होत राहिली. "ह्या गाडीत मदी भोक होता मोटा. सुताराकडनं तुकडा कापून घेतला आनि बसवला त्यात. गाडी चालवताना मागं उबा हाय असा वाटायचा."

मी पलंगाच्या दांडीला धरून उभा राहिलो. मला आई दिसली, त्या खांबाला कुंकू लावणारी, आणि बाजूला पाठ फिरवून समुद्राकडे बघणारी आत्या. दर पुनवेला दिसायचं आणि मला वाटायचं, रीत असेल. सगळं जग पालथं घालून मी त्या जागी एक बंदूक आणून उभी केली होती, आणि ती गाडी आता तिच्या ओंजळीत होती.

"चुकलं आत्या," मी म्हणालो. "पुन्हा करायला लागेल."

"पुन्ना करनार?"

"करावीच लागेल. नवी गाडी आणायला लागेल, पहिल्यापासून."

तिचा चेहरा उजळला, लपवावं असंही तिला वाटलं नाही. "मंग बरा झाला चुकला तो," ती म्हणाली.

खाली कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मंगलने गॅस पेटवला, तिखटाचा ठसका बाहेरपर्यंत आला. मला जायचं होतं असं काहीच नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला ते कळलं. इतकी वर्षं जे मी कुणालाच विचारलं नव्हतं ते तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"आत्या, आतोबा कसे होते गं?"

जीप मांडीवर ठेवून तिने पलंगावरून हात फिरवला, चादर सारखी केली आणि जरा पलीकडे सरकली.

"जवल ये, इतं बस," ती म्हणाली. "मना दिसत नाय रे आता."